पार्श्वभूमी: नऊ फूट कापड, तीन फूट पन्हा

लंडनच्या रॉयल अकॅडमी या कलासंस्थेने १८९३ मध्ये आपल्या विद्यार्थिनींना एक सवलत दिली. त्यांच्या वर्गात पुरुष मॉडेल उघड्या अंगाने उभा करायला हरकत नव्हती, फक्त कंबर झाकलेली हवी. ती कशी झाकायची हेही नियमात लिहिलं होतं. आधी पोहण्याची साधी चड्डी. तिच्यावर ९ फूट लांब आणि ३ फूट पन्ह्याचं हलकं कापड कमरेभोवती गुंडाळायचं, दोन पायांमधून काढायचं आणि नेफ्यात खोचायचं. वरून पातळ चामड्याचा पट्टा आवळायचा, म्हणजे कापड जागचं हलणार नाही. मराठी वाचकाला हा कासोटाच वाटेल. संस्था तेव्हा सव्वाशे वर्षांची झाली होती.

हसू येईल असा हा नियम असला तरी पाश्चात्त्य कलेत स्त्रिया कुठे होत्या आणि कुठे नव्हत्या, याची बरीचशी उत्तरं त्या कापडाखाली आहेत. उभा माणूस एका पायावर भार टाकतो तेव्हा त्या बाजूची कंबर वर उचलली जाते, त्याच बाजूचा खांदा खाली येतो आणि मणक्याला बाक येतो. चित्रकार हा तोल कमरेच्या हाडांवरून वाचतो. नेमकी तीच जागा झाकली की डोळ्याला अंदाज बांधावा लागतो. त्याची किंमत पुढे मोठ्या चित्रात मोजावी लागते. अंगरख्याच्या चुण्या सुरेख उतरतात, पण आत गुडघा कुठे आहे ते कळत नाही. योद्धा उभा असतो, पण जमिनीवर त्याचं वजन पडत नाही.

अकॅडमीतलं शिक्षण पायरीपायरीने चाले. आधी छापील चित्रांवरून आणि रेखाटनांवरून नक्कल, मग प्राचीन शिल्पांच्या प्लॅस्टरच्या प्रतिकृती समोर ठेवून छायाप्रकाशाचा सराव, त्यानंतर जिवंत नग्न मॉडेल, आणि हे सगळं हातात बसल्यावर अनेक आकृत्यांची रचना. तिसरी पायरी बंद असेल तर चौथी गाठता येत नाही. आणि मान चौथीलाच होता. आंद्रे फेलिबियँने १६६७ मध्ये पॅरिसच्या अकॅडमीसाठी चित्रप्रकारांची उतरंड मांडली, तिच्यात फळंफुलं सगळ्यात खाली, वर निसर्गचित्र, मग प्राणी, मग व्यक्तिचित्र आणि शिखरावर इतिहास-पुराणातले प्रसंग. राजदरबारची कामं, मोठे कॅनव्हास, मोठा मोबदला हे सगळं त्या शिखराशी बांधलेलं होतं. फुलं काढायला मॉडेल लागत नाही. अ‍ॅमस्टरडॅमची राखेल राउश ही शरीरशास्त्राच्या प्राध्यापकाची मुलगी, पण नाव कमावलं ते फुलांच्या चित्रांवर.

अकॅडमींच्या आधीची व्यवस्था स्त्रियांना तुलनेने कमी अडवत होती, हे ऐकून आश्चर्य वाटतं. मठांमध्ये पोथ्या रंगवणाऱ्या स्त्रिया होत्या. ९७५ च्या सुमाराच्या, आज हेरोनात असलेल्या हस्तलिखितात ‘एन्दे’ या चित्रकर्तीचं नाव लिहिलेलं आहे. पुढे शहरांत धंदा गिल्डच्या, म्हणजे कारागिरांच्या संघाच्या, हाती गेला. गिल्डमध्ये शिरायचं तर कुणा उस्तादाकडे उमेदवारी करावी लागे, आणि परक्या घरात मुलगी कोण ठेवणार? म्हणून बहुतेक स्त्री चित्रकार चित्रकारांच्याच मुली आहेत. वडिलांचं चित्रघर हेच त्यांचं विद्यालय. कातारिना व्हान हेमेसेन, बोलोन्याची लाव्हिनिया फोन्ताना, आर्तेमिजिया जेन्तिलेस्की, एलिझाबेत्ता सिरानी, सगळ्या अशाच. (मुंबईच्या जे. जे. शी नातं असलेल्या चित्रकर्तींच्या पहिल्या पिढीतही अंबिका धुरंधर आणि अँजेला त्रिंदाद या चित्रकारांच्याच लेकी.)

फोन्तानाचा विवाह-करार वाचण्यासारखा आहे. १५७७ मध्ये तिने जान पाओलो झाप्पीशी लग्न केलं ते हुंड्याशिवाय. नवराबायकोने तिच्या वडिलांच्या घरी राहायचं आणि तिच्या कुंचल्यावर घर चालायचं, असं ठरलं. तिला अकरा मुलं झाली, त्यातली तीनच तिच्यामागे उरली, आणि कामं थांबली नाहीत. सिरानीच्या वडिलांना संधिवाताने हातात कुंचला धरवेना, तेव्हा चित्रघर तिने चालवलं आणि मुलींना शिकवलंही. चित्रं तिची नव्हेत अशी कुजबुज झाली म्हणून ती लोकांसमोर बसून रंगवत असे. १६६५ मध्ये ती गेली तेव्हा अवघी सत्तावीस वर्षांची होती.

हार्लेमची युडिथ लेस्टर मात्र चित्रकाराची नव्हे, मद्य गाळणाऱ्याची मुलगी. १६३३ मध्ये ती तिथल्या सेंट ल्यूक गिल्डची सदस्य झाली आणि तिच्याकडे मुलगे उमेदवारीला होते. १६३५ मध्ये त्यातला एक चित्रकार फ्रान्स हाल्सकडे निघून गेला, तेव्हा तिने गिल्डपुढे तक्रार केली. तिने ८ गिल्डर मागितले, मुलाच्या आईने ४ दिले, हाल्सला दंड झाला आणि उमेदवाराची नोंद केली नाही म्हणून तिलाही झाला. इथे ती बाई म्हणून नाही, धंदेवाली म्हणून भांडली आणि नियमही तिला तसाच लागला. पुढल्या वर्षी तिने चित्रकार यान मीन्स मोलेनारशी लग्न केलं. त्यानंतरची तिची चित्रं मोजकीच आहेत. नवऱ्याच्या मृत्यूनंतर केलेल्या घरातल्या वस्तूंच्या यादीत तिच्या कित्येक चित्रांपुढे तिचं नावही नाही, ‘मयताची बायको’ एवढंच आहे.

गिल्डांना मागे सारून अकॅडमी आल्या आणि दार अरुंद झालं. पॅरिसच्या अकॅडमीने १६६३ मध्ये पहिली स्त्री घेतली, १७०६ मध्ये यापुढे स्त्रिया नकोत असं ठरवलं, १७२० मध्ये पेस्टलसाठी गाजलेल्या रोझाल्बा कारिएराला अपवाद केलं, आणि १७७० मध्ये एका वेळी चारच हा आकडा पक्का केला. ३१ मे १७८३ रोजी एलिझाबेथ व्हिजे ल ब्रँ आणि आदेलाइद लाबिय-ग्यार एकाच दिवशी आल्या आणि चौघींची संख्या भरली. सदस्यत्वाने चित्रं सालोंमध्ये, म्हणजे अकॅडमीच्या प्रदर्शनात, लावता येत. मॉडेलच्या वर्गात बसता येत नसे, शिकवता येत नसे. लंडनचा प्रकार चित्रातच दिसतो. १७७१-७२ मध्ये योहान झोफानीने रॉयल अकॅडमीच्या सदस्यांचं समूहचित्र काढलं. सगळे पुरुष नग्न मॉडेलभोवती जमले आहेत आणि संस्थापक सदस्य असलेल्या अँजेलिका कॉफमन व मेरी मोझर भिंतीवर टांगलेल्या दोन तसबिरी झाल्या आहेत. कॉफमन तरीही पौराणिक चित्रं काढत राहिली. तिचे वीर बायकी दिसतात, हा टोमणा समीक्षकांनी मारला. तो खोटा नव्हता, फक्त अपुरा होता.

आर्तेमिजियाने तोडगा काढला होता, पण तो खर्चिक होता. १६१६ मध्ये फ्लॉरेन्सच्या अकॅडमीत गेलेली ही पहिली स्त्री. १६४९ मध्ये मेसिनाच्या ग्राहकाला लिहिताना ती मॉडेलच्या खर्चाची तक्रार करते. चित्रात आठ आकृत्या, प्रत्येकीचं सौंदर्य निराळं हवं, आणि पन्नास जणींनी कपडे उतरवले तरी मनासारखी एखादीच मिळते. मॉडेल अर्थात बायकाच.

रोझा बोनअरने आडवाट धरली ती प्राण्यांची. घोड्याचे स्नायू पाहायला कुणाची हरकत नव्हती, हरकत होती घोडेबाजारात परकर घालून फिरायला. १८५३ च्या सालोंमधलं तिचं घोडेबाजाराचं चित्र सुमारे अडीच मीटर उंच आणि पाच मीटर रुंद आहे. पुरुषी वेशासाठी तिला पोलिसांचा परवाना लागे. १८५७ चा परवाना उपलब्ध आहे, तो सहा महिन्यांचा आहे. अमेरिकेत तर शिक्षकालाच झळ बसली. विद्यार्थिनी बसलेल्या वर्गात टॉमस ईकिन्सने पुरुष मॉडेलचं कमरेचं वस्त्र काढलं, आणि १८८६ मध्ये त्याला फिलाडेल्फियाची अकॅडमी सोडावी लागली.

पॅरिसमध्ये १८६८ ला सुरू झालेल्या खासगी अकॅडमी ज्युलियांमध्ये पैसे मोजून मॉडेल मिळे, आणि स्त्रियांकडून फी जास्त घेत. एकोल दे बोझार या सरकारी कलाशाळेने १८९७ मध्ये स्त्रियांना दार उघडलं, १९०३ मध्ये रोमची शिष्यवृत्ती त्यांना खुली झाली, आणि १९११ मध्ये शिल्पकर्ती ल्यूसिएन हव्हेलमान्सने ती जिंकली. पण तोवर शिखरच ढासळलं होतं. बर्थ मोरिझो आणि मेरी कॅसॅट या चित्रकर्तींनी दिवाणखाना, बाळाची खोली, थिएटरचा बॉक्स याच विषयांतून नवी चित्रकला घडवली होती. पुराणप्रसंगांना विचारतं कोण?

सही हा या सगळ्याचा दुसरा पदर. लेस्टरची सही म्हणजे आद्याक्षरं गुंफून केलेलं जोडाक्षर आणि त्याला चिकटलेला तारा, कारण तिच्या आडनावाचा अर्थच दिशादर्शक तारा. तरी तिची चित्रं हाल्सची म्हणून विकली जात. १८९३ मध्ये कलेतिहासकार होफ्स्टेडे दे ग्रोटने अशाच एका चित्रावर ती खूण वाचली, तेव्हा तिचं नाव परत आलं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातलं शार्लोत द्यु व्हाल दोन्येचं व्यक्तिचित्र १८०१ चं. ते नामवंत फ्रेंच चित्रकार दाव्हिदचं म्हणून संग्रहालयात आलं. १९५१ मध्ये कलेतिहासकार शार्ल स्टर्लिंगने ते त्याचं नसून बहुधा कोन्स्तान्स शार्पान्तिएचं असल्याचं मांडलं आणि त्याच लेखात चित्रातल्या ‘हुशारीने लपवलेल्या उणिवा’ही दाखवल्या, त्याला त्यात स्त्रीमन दिसलं. आता त्याखाली मारी-देनीझ व्हिलेर हे नाव आहे.