फोलेट कमी की बी-१२ कमी: रक्त सारखे, पुढची वाट वेगळी

मोठ्या, अपक्व तांबड्या पेशींच्या रक्तक्षयाचा, म्हणजे मेगॅलोब्लास्टिक अ‍ॅनिमियाचा रिपोर्ट हाती पडला, तरी केवळ त्यावरून आजाराचे मूळ कळत नाही. तांबड्या पेशींचा सरासरी आकार, म्हणजे एमसीव्ही, १०० च्या वर गेलेला असतो आणि पांढऱ्या पेशींच्या केंद्रकाचे पाच-सहा खंड दिसतात; हे चित्र फोलेट कमी पडले तरी तेच आणि बी-१२ कमी पडले तरी तेच, कारण डीएनए घडवण्याच्या एकाच कामात ही दोन्ही जीवनसत्त्वे लागतात. सोबत लोहही कमी असेल, तर वाढलेला एमसीव्ही झाकला जातो.

फरक सुरू होतो तो साठ्यापासून. फोलेटची शिल्लक साधारण चार महिने पुरते. बी-१२ मात्र यकृतात काही मिलिग्रॅम साठलेले असते आणि रोजची गरज मायक्रोग्रॅममध्ये असल्यामुळे त्यावर तीन ते पाच वर्षे निघतात. म्हणून गरोदरपणासारख्या वाढत्या मागणीच्या काळात फोलेटची तूट लवकर उघडी पडते, तर बी-१२ ची तूट इतकी सावकाश वाढते की हिमोग्लोबिन पाच-सहावर आलेला माणूसही थोडी धाप लागते एवढेच सांगत कामावर जात असतो.

हा भेद उलगडण्यात मुंबईचाही वाटा आहे. १९२८ साली ब्रिटिश डॉक्टर लूसी विल्स यांनी येथील गरोदर गिरणी कामगार स्त्रियांच्या रक्तक्षयाचा अभ्यास सुरू केला आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो असे त्यांना आढळले. पर्निशस अ‍ॅनिमियावर (बी-१२ शोषले न गेल्याने होणाऱ्या रक्तक्षयावर) चालणारा यकृताचा शुद्ध केलेला अर्क या प्रकारच्या रक्तक्षयाला लागू पडत नाही, हेही त्यांच्या पुढच्या संशोधनातून दिसले. यीस्टमधला तो घटक म्हणजे फोलेट.

माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा फरक मज्जातंतूंचा आहे. बी-१२ कमी पडल्यावर तळपायांना मुंग्या येतात, चप्पल पायातून निसटली तरी समजत नाही, आणि बेसिनपाशी तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो, कारण पाय कुठे आहेत हा निरोप पाठीच्या कण्यातून नीट वर पोहोचत नसतो. फोलेटच्या तुटीत असे सहसा घडत नाही. धोका असा, की बी-१२ न तपासता केवळ फोलेटच्या, म्हणजे फोलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या चालू केल्या, तर हिमोग्लोबिन वाढते, चेहऱ्यावर तजेला येतो, घरचे निश्चिंत होतात आणि मज्जारज्जूची हानी मात्र चालूच राहते. रक्तातली बी-१२ ची पातळी संदिग्ध असेल, तर रक्तातल्या मिथाइलमॅलोनिक अ‍ॅसिडची तपासणी उपयोगी पडते: ते बी-१२ च्या तुटीत वाढते, फोलेटच्या तुटीत वाढत नाही, होमोसिस्टीन हा रक्तातला दुसरा घटक मात्र दोन्हींत वाढतो.

योग्य उपचार सुरू झाले की रक्त दोन्हींत सारख्याच वेगाने सावरते. आठवड्याभरात रेटिक्युलोसाइट म्हणजे कोवळ्या तांबड्या पेशींची संख्या शिगेला पोहोचते आणि साधारण दोन महिन्यांत हिमोग्लोबिन पूर्वपदावर येते. रक्तक्षय फार तीव्र असेल, तर सुरुवातीच्या दिवसांत पोटॅशियम घसरू शकते, म्हणून त्यावर लक्ष ठेवावे लागते. मज्जातंतूंची सुधारणा मात्र महिन्यांच्या हिशेबाने होते. लक्षणे थोड्या काळाची असतील तर ती बरीचशी जातात, पण सहा महिने ते वर्षभर उलटून गेल्यावरही जे उरते, ते बहुधा कायमचे राहते.

औषध किती दिवस घ्यायचे, हे कारणावर ठरते. आहारामुळे आलेली फोलेटची तूट साधारण चार महिन्यांच्या गोळ्यांनी भरून निघते आणि पुढे पालेभाज्या, डाळी यांवर भागते, मात्र भाजी फार वेळ शिजवून पाणी फेकू नये. बी-१२ वनस्पतिजन्य अन्नात जवळजवळ नसतेच, त्यामुळे दूधही बेताचे घेणाऱ्या शाकाहारी माणसाला गोळ्या चालू ठेवाव्या लागतात. मधुमेहाचे औषध मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांनी पातळी अधूनमधून तपासावी. पर्निशस अ‍ॅनिमियात किंवा जठर काढल्यानंतर अन्नातले बी-१२ शोषलेच जात नाही, म्हणून तेथे इंजेक्शने किंवा मोठ्या मात्रेच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात, आणि हिमोग्लोबिन उत्तम आहे म्हणून त्या बंद केल्या, तर साठा संपताच आजार परत येतो.