डोळ्यांवरची काळी पट्टी आणि रुग्णाची संमती

दुभंगलेला ओठ, भाजलेला गाल किंवा तोंडाचा कर्करोग यांवर उपचार करताना चेहऱ्याचा फोटो लागतोच, कारण शस्त्रक्रियेआधी काय होते आणि नंतर काय झाले हे शब्दांत नेमके सांगता येत नाही. खान्देशातल्या शिबिरांत हा फोटो आता बहुधा मोबाइलवर निघतो. तो फोटो कोणाचा, हा प्रश्न मात्र मोबाइलपेक्षा फार जुना आहे.

1850 च्या दशकात इंग्लंडमधील सरे परगण्याच्या मनोरुग्णालयात ह्यू वेल्च डायमंड यांनी स्त्री रुग्णांचे फोटो काढले आणि रुग्ण पुन्हा दाखल झाल्यास ओळख पटवणे हा त्यांचा एक उपयोग सांगितला. म्हणजे वैद्यकीय छायाचित्रणाच्या आरंभी ओळख लपवणे नव्हे, तर ओळख पटवणे हाच एक हेतू होता. पुढे वैद्यकीय नियतकालिकांत डोळ्यांवर काळी पट्टी मारण्याची प्रथा रुळली. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने 1995 मध्ये रुग्णाच्या माहितीपूर्ण संमतीचा आग्रह धरला आणि पुढच्या शिफारशींत डोळे झाकणे अपुरे असल्याचे स्पष्ट म्हटले. आपल्याकडे तर ते अधिकच अपुरे आहे. सातपुड्यातल्या बाईच्या कपाळावरचे आणि हनुवटीवरचे गोंदण पट्टीखाली जात नाही, आणि आठवडे बाजारात सगळे एकमेकांना ओळखतात, तिथे तेवढ्या खुणेवरूनही नाव निघते.

भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमावलीने ओळख पटेल असा फोटो रुग्णाच्या परवानगीविना प्रसिद्ध करण्यास मनाई केली, मात्र ओळख उघड होत नसेल तर संमतीची गरज नाही, अशी मोकळीकही ठेवली. माझ्या मते खरी फट इथेच राहिली, कारण ओळख पटते की नाही हे ठरवणारा डॉक्टर त्या गावचा नसतो आणि त्याला अनोळखी वाटणारा चेहरा भाऊबंदकीला पहिल्या नजरेत कळतो.

24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. त्यानंतर आलेल्या 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने संमती देण्याइतकेच ती मागे घेणेही सोपे असले पाहिजे, असे म्हटले. संमती मागताना द्यायची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्यायही त्या कायद्याने दिला. त्या अनुसूचीत मराठी आहे. अहिराणी, भिली आणि पावरी नाहीत. त्यामुळे धुळे, जळगाव वा नंदुरबारच्या रुग्णालयात मराठी अर्जावर अंगठा उमटवणाऱ्या रुग्णाला, आपला चेहरा उपचाराच्या कागदांतच राहणार की वर्गात, परिषदेत आणि शिबिराच्या फलकावरही जाणार, हे अजूनही कोणीतरी शेजारी बसून त्याच्या बोलीत सांगावे लागते.