रंगकामापूर्वीची खोलीची तयारी

खोलीच्या भिंती, छत व लाकूडकाम यांना रंगाचा पहिला हात देण्याआधी जी साफसफाई, खरवडणी, भराई आणि घासाई करतात, तिला रंगकामापूर्वीची खोलीची तयारी म्हणतात. रंग भिंतीच्या सर्वांत वरच्या थराला धरून बसतो. तो थर धुळीचा, तुपकट किंवा सुट्या चुन्याचा असेल, तर नवा रंग त्याच्यासकट पोपडा होऊन निघतो. भिंतीवरून तळहात फिरवल्यावर पांढरी भुकटी लागली, तर जुना थर खरवडून काढावाच लागतो.

खोली रिकामी करणे, उरलेले सामान मधोमध ओढून झाकणे, खिळे उपसणे, वीज बंद करून स्विचबोर्डच्या पट्ट्या सोडवणे ही कामे अर्ध्या दिवसात उरकतात. खरा वेळ ओल खाते. ओल कुठून येते हे शोधून ती बंद केल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नसतो. वर कितीही भारी रंग दिला तरी तो फुगतो. शंका असल्यास प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी भिंतीला चिकटवून एक दिवस ठेवतात. आतल्या बाजूने थेंब जमले, तर पाणी भिंतीतूनच येत आहे. भिंतीवर फुललेला लोणा, म्हणजे ओलीबरोबर बाहेर आलेले पांढरे क्षार, कोरड्या ब्रशने झाडावा. तो पाण्याने धुतला की क्षार विरघळून पुन्हा आत मुरतात.

नवा सिमेंटचा गिलावा साधारण चार आठवडे वाळू देतात. यामागे ओलीइतकेच अल्कलीचेही कारण आहे. ताज्या सिमेंटचा सामू (आम्ल-अल्कलीचे माप, pH) १२ ते १३ असतो आणि अशा पृष्ठावर तेली रंग दिला, तर त्यातील तेलाचा अक्षरशः साबण होतो व थर चिकट पडतो.

भेग भरण्याआधी ती पात्याने किंचित रुंद करतात, कारण केसासारख्या फटीत पुट्टी शिरतच नाही. खोल खड्डा एकाच वेळी भरला, तर पुट्टी वाळताना आकसते आणि मध्ये खळगा पडतो. म्हणून दोन पातळ थर बरे. मग घासकागद. त्यावरचा आकडा जितका मोठा तितका कण बारीक: खडबडीत भागाला ८० ते १२०, शेवटच्या हाताला १८० ते २२०. घासून झाल्यावर दिवा भिंतीला लागून तिरपा धरावा. समोरच्या उजेडात सपाट वाटणाऱ्या भिंतीवरचे पात्याचे ओरखडे आणि उंचवटे त्यात सावल्या टाकतात. हे पाच मिनिटांचे काम बहुतेक जण टाळतात आणि रंग वाळल्यावर, खिडकीतून तिरपे ऊन आले की, तेच ओरखडे पाहत बसतात.

चकचकीत तेली रंगाची चमक घासून मारावी लागते, नाहीतर नवा थर घसरतो. मात्र फार जुन्या रंगात शिसे असू शकते. असा रंग कोरडा घासल्यास शिशाची धूळ घरभर पसरते आणि लहान मुलांना तिचा धोका सर्वाधिक असतो. रंगाची आधी तपासणी करावी. शिसे आढळल्यास ते काढण्याचे काम प्रशिक्षित माणसाकडे सोपवावे.

धूळ ओल्या फडक्याने टिपून भिंत वाळली की प्रायमर, म्हणजे रंगाखालचा अस्तराचा हात. पुट्टी भिंतीपेक्षा अधिक रंग पिते, त्यामुळे प्रायमर गाळल्यास भरलेला प्रत्येक डाग वेगळा उठून दिसतो. कडांना लावायची मास्किंग टेप थ्री-एम कंपनीतील रिचर्ड ड्रू यांनी १९२५ मध्ये तयार केली, तीही दुरंगी मोटारी रंगवणाऱ्यांसाठी. घरात ती चौकटींना व भिंतीच्या तळाच्या पट्टीला (स्कर्टिंगला) लावतात आणि रंग पुरता कडक होण्याआधी तिरपी ओढून काढतात. उशीर झाला तर टेपबरोबर रंगाची कडही सोलून येते.