नाव एकच, राज्ये दोन : मुंबई विधानसभेच्या १९५२ आणि १९५७ च्या निवडणुका

'१९५२ ला मुंबई राज्यात काँग्रेसला २६९ जागा होत्या, १९५७ ला २३४ झाल्या. म्हणजे एवढं मोठं संयुक्त महाराष्ट्राचं आंदोलन होऊनही फक्त ३५ जागांचा फटका बसला.' हे वाक्य कुठे ना कुठे वाचायला मिळतं. यातले दोन्ही आकडे बरोबर आहेत, पण वजाबाकी चुकीची आहे. दोन्ही वेळा 'मुंबई राज्य' असंच नाव असलं, तरी निवडणूक झाली ती दोन वेगवेगळ्या राज्यांत.

१९५२ चं मुंबई राज्य म्हणजे जुना इंग्रजी मुंबई इलाखा, त्यात बडोदा-कोल्हापूरसारखी विलीन झालेली संस्थानं. मराठी, गुजराती आणि कानडी असे तीन भाषांचे जिल्हे त्यात होते. बेळगाव, विजापूर, धारवाड आणि उत्तर कानडा इथले आमदारही मुंबईच्याच विधानसभेत बसत. मात्र नागपूरचा किंवा औरंगाबादचा मतदार त्या वर्षी मुंबईसाठी मत देतच नव्हता. विदर्भाचे आमदार मध्य प्रदेशच्या विधानसभेत जात (तेव्हा नागपूर ही मध्य प्रदेशची राजधानी होती!) आणि मराठवाड्याचे हैदराबादच्या. पुढे महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झालेले वसंतराव नाईक १९५२ ला आमदार झाले ते मध्य प्रदेशात, आणि तिथेच उपमंत्रीही झाले. सौराष्ट्राची विधानसभा तर स्वतंत्रच होती.

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली आणि चारही कानडी जिल्हे म्हैसूर राज्यात गेले. विदर्भाचे आठ जिल्हे, मराठवाड्याचे पाच, सौराष्ट्र आणि कच्छ हे सगळं मुंबईत आलं. हेच ते द्वैभाषिक, म्हणजे मराठी आणि गुजराती अशा दोन भाषांचं एकत्र राज्य. १९५२ ला विधानसभेच्या जागा ३१५ होत्या, १९५७ ला त्या ३९६ झाल्या. त्यामुळे तुलना करायचीच तर ३१५ पैकी २६९ म्हणजे सुमारे ८५ टक्के, आणि ३९६ पैकी २३४ म्हणजे ५९ टक्के, अशी करावी लागते. माझ्या मते तीही अपुरीच, कारण हा ५९ चा आकडाही नव्याने जोडलेल्या मुलखाने सावरून धरला होता. विदर्भ, मराठवाडा आणि सौराष्ट्राने काँग्रेसला भरभरून जागा दिल्या. पश्चिम महाराष्ट्रात मात्र पक्षाचा धुव्वा उडाला. द्वैभाषिकाला विरोध तिथे सर्वांत तीव्र होता, आणि द्वैभाषिक टिकलं ते तिथल्या मतांशिवाय. खुद्द मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण कराडमधून जेमतेम निवडून आले.

थोडक्यातल्या निकालावरून आठवतं ते १९५२ चं नाट्य. मोरारजी देसाई बलसाड भागातल्या आपल्या मतदारसंघात अवघ्या १९ मतांनी हरले, आणि तरीही मुख्यमंत्री झाले. सभागृहाचा सदस्य नसलेल्याला सहा महिने मंत्रिपदावर राहता येतं, ही घटनेतली सोय त्यांच्या कामी आली. पोटनिवडणूक जिंकून ते नंतर सभागृहात आले.

मतं कशावर मागितली गेली, हाही मोठा फरक आहे. १९५२ ला स्वातंत्र्याची पुण्याई काँग्रेसच्या पदरात होती आणि विरोधक विखुरलेले होते. समाजवादी वेगळे, शेतकरी कामगार पक्ष (शेकाप) वेगळा. १९५७ पर्यंत आंदोलनात गोळीबाराने शंभरावर माणसं गेली होती, अहमदाबादेतही ऑगस्ट १९५६ मध्ये रक्त सांडलं होतं. इकडे संयुक्त महाराष्ट्र समिती आणि तिकडे वेगळं गुजरात राज्य मागणारी इंदुलाल याज्ञिकांची महागुजरात जनता परिषद उभी होती. दोघांना एकमेकांपासून सुटका हवी होती, म्हणून शत्रू एकच झाला, काँग्रेस.

इथे अभ्यासकही फसतात. १९५७ चा पक्षवार तक्ता उघडला तर त्यात 'समिती' नावाचा पक्ष सापडत नाही. समिती ही आघाडी होती. तिची माणसं प्रजासमाजवादी, शेकाप, कम्युनिस्ट, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन आणि अपक्ष अशा रकान्यांत पसरलेली आहेत. तक्त्यात समिती दिसत नाही म्हणून ती फिकी होती असं समजणं म्हणजे शुद्ध फसगत.

मतदानाची रीत मात्र दोन्ही वेळा जवळपास तीच. वय २१ पूर्ण, प्रत्येक उमेदवाराची चिन्ह लावलेली वेगळी पेटी, आणि मतपत्रिका आपल्या पसंतीच्या पेटीत टाकायची. दोन आमदार निवडणारे जोड मतदारसंघही दोन्ही निवडणुकांत होते.

आता शेवटचा घोळ, आणि हा अजून चालू आहे. 'महाराष्ट्राची पहिली विधानसभा' कुठली? बरेच जण १९६२ ची सांगतात. १ मे १९६० ला राज्य झालं तेव्हा नवी निवडणूक झालीच नाही. १९५७ ला निवडून आलेल्या सभागृहाचीच वाटणी झाली, १३२ जागा गुजरातेकडे आणि २६४ महाराष्ट्राकडे. द्वैभाषिकासाठी निवडलेले हे आमदारच महाराष्ट्राची पहिली विधानसभा ठरले, आणि १९६२ ची दुसरी. म्हणूनच २०२४ ला निवडून आलेली विधानसभा पंधरावी म्हणवते, पण महाराष्ट्र राज्य झाल्यापासूनच्या विधानसभेच्या सार्वत्रिक निवडणुका मोजल्या तर त्या चौदाच भरतात.