फियाट ५०० (नुओव्हा चिंक्वेचेंतो)

फियाट ५०० : इटलीतील तुरिन येथील फियाट कंपनीची १९५७ ते १९७५ या काळात तयार झालेली छोटी मोटारगाडी. अधिकृत नाव ‘नुओव्हा ५००’, म्हणजे नवी पाचशे. इटलीत मात्र सगळे तिला नुसते ‘चिंक्वेचेंतो’, पाचशे, म्हणतात. १९३६ ते १९५५ दरम्यान याच आकड्याची एक फियाट रस्त्यावर होती आणि लोकांनी तिचे नाव लाडाने ‘तोपोलिनो’, छोटा उंदीर, असे ठेवले होते. म्हणून ही ‘नवी’. दोन्ही गाड्यांमागे अभियंता एकच, दान्ते जाकोसा (१९०५–१९९६).

दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीतल्या सामान्य कुटुंबाचे वाहन होते व्हेस्पा किंवा लँब्रेटा स्कूटर. १९५५ साली आलेली फियाट ६०० चांगली होती, पण स्कूटरवाल्याच्या खिशाला तीही जड. त्याला चार चाके आणि डोक्यावर छप्पर द्यायचे, तर गाडीतला प्रत्येक किलो पत्रा तोलून वापरणे भाग होते. ५०० चे सगळे रूप या हिशोबातून आले आहे. तिची लांबी ३ मीटरच्या आतच, २.९७ मीटर, रुंदी १.३२ मीटर. अंगाला सगळीकडे गोलाई, कारण बाक दिलेला पत्रा पातळ असूनही ताठ राहतो. छप्पर गुंडाळता येणारे, कापडी. तिथेही पत्रा वाचला, आणि उन्हाळ्यात आकाश मोकळे झाले.

इंजिन मागे, दोन सिलिंडरांचे, हवेने थंड होणारे, त्यामुळे रेडिएटर आणि पाणी यांची कटकटच नाही. पहिल्या इंजिनाची क्षमता ४७९ घनसेंमी आणि शक्ती अवघी १३ अश्वशक्ती. दोन्ही दट्ट्ये (पिस्टन) एकाच वेळी वर-खाली होत असल्याने हे इंजिन थरथरते. ती थरथर गाडीच्या अंगात उतरू नये म्हणून त्याला मागच्या बाजूने एका स्प्रिंगचा आधार दिला आहे. हिवाळ्यात इंजिनावरून आलेली गरम हवाच आत सोडली जाते. पुढचे बॉनेट उघडले की पेट्रोलची टाकी, बॅटरी आणि स्टेपनी दिसते. दोन सीटांच्या मधे दोन छोट्या कांड्या : एक चोकची, दुसरी ओढली की गाडी सुरू होते. गिअर बदलताना डबल क्लच मारावा लागतो, म्हणजे क्लच दोनदा दाबावा लागतो. इटालियन चालकांच्या एका पिढीचा हात यावरच बसला.

४ जुलै १९५७ रोजी गाडी बाजारात आली, किंमत ४,९०,००० लिरा. आणि ती खपेना. मागे सीट नव्हती, फक्त सामानापुरती जागा. दारांच्या काचा खाली होत नव्हत्या. या गाडीच्या इतिहासात मला सर्वांत बोलकी वाटते ती हीच गोष्ट. काटकसर लोकांना मान्य होती, पण पैसे मोजून घेतलेल्या वस्तूत आपली गरिबी दिसावी हे त्यांना नको होते. फियाटने काही महिन्यांतच चूक सुधारली : शक्ती १५ अश्वशक्तीवर नेली, काचा उघडत्या केल्या, मागे बसायची सोय केली आणि पहिल्या ग्राहकांना पैशांचा काही भाग परतही दिला. त्यानंतर मात्र विक्री वाढतच गेली. १९५९ साली तिला ‘कोम्पास्सो दोरो’ हा इटलीतील मानाचा आरेखन पुरस्कार मिळाला.

१९६० च्या ‘५०० डी’मध्ये ४९९.५ घनसेंमीचे इंजिन आले. त्याच वर्षीच्या ‘जार्दिनिएरा’ या लांब गाडीत तेच इंजिन आडवे निजवले, त्यावर सपाट तळ मिळाला आणि डिकी खरोखर उपयोगाची झाली. दारे आधी मागच्या बाजूला बिजागरी असलेली, उलटी उघडणारी होती. १९६५ च्या ‘एफ’पासून ती सरळ झाली. १९७५ मध्ये उत्पादन थांबेपर्यंत सुमारे ३९ लाख गाड्या बनल्या होत्या.

मुंबईकरांना जाकोसांचे काम अनोळखी नाही. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली आणि पुढे ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने काळी-पिवळी टॅक्सी झालेली फियाट ११०० ही ५०० ची थोरली नातेवाईक. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने २०१७ साली ‘५०० एफ’ आपल्या संग्रहात घेतली. इटलीतल्या जुन्या गावांच्या अरुंद गल्ल्यांत मात्र ती आजही भिंतीला खेटून उभी दिसते, छप्पर मागे गुंडाळलेले.