सुरातल्या यीस्टपासून सेक४पर्यंत: पेशीतल्या वाहतुकीची पार्श्वभूमी

सकाळी माडावरून उतरवलेला सूर, म्हणजे माडी, संध्याकाळपर्यंत चढतो, हे गोव्यात कुणाला सांगावे लागत नाही. रेंदेर, म्हणजे सूर काढणारा, माडाची पोय (फुलोऱ्याचा कोंब) कातीने तासतो, मडके बांधतो आणि रस ठिबकू लागला की त्याच घटकेपासून त्यात यीस्टचे आणि जीवाणूंचे काम सुरू होते. एके काळी पोदेरांचे, म्हणजे पाव भाजणाऱ्यांचे, पीठ याच सुरावर फुगायचे. आता बहुतेक भट्ट्यांत पाकिटातले यीस्ट आले आहे. पदार्थविज्ञान नव्हे, पेशीविज्ञान शिकायचे असेल तर या सुराकडे जरा बारकाईने पाहावे.

माडाच्या रसातली साखर मुख्यतः सुक्रोज. यीस्टला ही साखर वापरायची तर आधी ती फोडावी लागते. त्यासाठी पेशी इन्व्हर्टेज नावाचे विकर (एन्झाइम) बाहेर सोडते. प्रद्रव्यपटल (पेशीचे पातळ आवरण) आणि त्याबाहेरची पेशीभित्तिका यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत बसून ते सुक्रोजचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करते, आणि मग या साध्या साखरा आत घेतल्या जातात. काजूच्या रसात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज आयतेच असल्याने तिथे या विकराचे फारसे अडत नाही. सुरात मात्र अडते. इन्व्हर्टेज तयार होते पेशीच्या आत आणि काम करते पेशीच्या बाहेर. ते नेमके बाहेरच कसे पोचते, वाटेत चुकून रिक्तिकेत (पेशीतल्या साठवणीच्या पोकळीत) किंवा भलत्याच पटलाशी का जात नाही, या प्रश्नाचा पाठपुरावा करताना जीटीपी (पेशीतला एक ऊर्जावाहक रेणू) बांधणारी छोटी प्रथिने वैज्ञानिकांच्या हाती लागली. या शोधाला चाळीसेक वर्षे झाली, पण महाविद्यालयीन पाठ्यपुस्तकात तो चार ओळींत उरकतो, म्हणून त्याचा मागोवा थोडा सविस्तर घ्यावासा वाटतो.

प्रथिने पेशीतून बाहेर पडतात त्या वाटेचा पहिला नकाशा जॉर्ज पॅलेड यांनी काढला. गिनीपिगच्या स्वादुपिंडातल्या पेशींत नव्याने बनणाऱ्या प्रथिनांना किरणोत्सारी खूण करून त्यांनी दाखवले की ती आधी आंतर्द्रव्यजालिकेत (प्रथिने जिथे बनतात त्या पटलांच्या जाळ्यात), मग गॉल्गी संकुलात (माल वेगळा करून पुढे पाठवणाऱ्या पटलांच्या थरात) आणि तिथून पुटिकांत, म्हणजे पटलाच्या छोट्या पिशव्यांत, भरून पेशीच्या कडेला जातात. या कामासाठी अल्बेर क्लोद आणि क्रिस्तियाँ द द्यूव यांच्यासोबत त्यांना १९७४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. वाट कळली होती, पण ती चालवणारी यंत्रणा एकाही रेणूच्या नावानिशी माहीत नव्हती. सूक्ष्मदर्शकातून पुटिका दिसतात. तिला कोण ढकलते आणि कोण थांबवते, ते दिसत नाही.

रॅन्डी शेकमन १९७६ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीच्या आवारात रुजू झाले तेव्हा त्यांनी हा प्रश्न यीस्टला विचारायचे ठरवले. त्या वेळी हे धाडसच होते, कारण यीस्टमध्ये स्राव बाहेर टाकण्याची वाट प्राण्यांच्या पेशीसारखीच असेल याची खात्री कुणालाच नव्हती. पण यीस्टचा मोठा फायदा म्हणजे त्याच्या जनुकांशी खेळता येते. लेलंड हार्टवेल यांनी पेशीचक्राचा अभ्यास करताना तापमानसंवेदी उत्परिवर्तकांची (जनुकात बदल झालेल्या पेशींची) पद्धत रुळवली होती: साधारण २५ अंशांना पेशी नीट वाढते, ३७ अंशांना नेले की एकच प्रथिन निकामी होऊन काम अडते. शेकमन आणि त्यांचा विद्यार्थी पीटर नोव्हिक यांनी हीच युक्ती वाहतुकीसाठी वापरली. १९७९ साली त्यांचा पहिला उत्परिवर्तक, सेक१ (सेक म्हणजे सिक्रीशन, स्राव), प्रसिद्ध झाला. ३७ अंशांना ठेवलेल्या या पेशींत इन्व्हर्टेज बनत राहते पण बाहेर पडत नाही, आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पुटिकांनी अक्षरशः ठासून भरलेली दिसते. वाट अडली की माल कुठे साठतो, ते आता डोळ्यांनी पाहता येत होते.

असे उत्परिवर्तक एकेक करून शोधणे फार वेळखाऊ होते. तेव्हा एक साधी गोष्ट कामी आली. स्राव थांबला की पेशीचा पृष्ठभाग वाढत नाही, पण आत प्रथिने बनतच राहतात. त्यामुळे पेशी घट्ट, म्हणजे अधिक घनतेची होते. घनतेच्या उतरंडीवर सेंट्रिफ्यूज फिरवले की अशा पेशी खाली उतरतात आणि सहज वेगळ्या काढता येतात. या चाळणीतून १९८० साली नोव्हिक, चार्ल्स फील्ड आणि शेकमन यांनी २३ जनुकांची यादी मांडली. पुढच्याच वर्षी एकाच पेशीत दोन-दोन दोष एकत्र आणून कुठला आधी आणि कुठला नंतर अडतो हे त्यांनी लावून दाखवले. क्रम पॅलेड यांच्या नकाशाशी जुळला. माणसाच्या आणि सुरातल्या बुरशीच्या पेशीत मालाची वाट एकच, हे त्या दिवसापासून मान्य झाले. ही २३ जनुकांची यादी लक्षात ठेवावी, कारण पुढची बहुतेक उत्तरे त्यातच दडलेली होती.

याच सुमारास जर्मनीत एक वेगळाच धागा सुरू झाला. त्या काळात जीवशास्त्रात सगळीकडे रास जनुकाची चर्चा होती. उंदरांना कर्करोग करणाऱ्या विषाणूंत सापडलेले हे जनुक माणसाच्या पेशीतही असते, आणि त्यातला एकच अमिनो आम्ल बदलला की ते गाठीला कारण होते, हे १९८२ साली स्पष्ट झाले. रास हे छोटे प्रथिन जीटीपी बांधते. जीटीपी असताना चालू, ते फुटून जीडीपी (एक फॉस्फेट कमी असलेला रेणू) झाले की बंद. १९८३ साली डीटर गॅलविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना यीस्टच्या ॲक्टिन आणि ट्यूब्युलिन या पेशीच्या सांगाड्यातल्या प्रथिनांच्या जनुकांच्या मधोमध रासच्या नात्यातले एक जनुक सापडले. पुढे त्याचे नाव वायपीटी१ झाले. ते काढून टाकले की यीस्ट मरते, म्हणजे ते अत्यावश्यक. पण ते करते काय, हे कळेना. ते कमी पडले की पेशीतल्या सूक्ष्मनलिकांची (ट्यूब्युलिनच्या बारीक नळ्यांची) मांडणी विस्कटते असे दिसल्याने १९८६ साली त्याचा संबंध सूक्ष्मनलिकांशी असावा असा अंदाज बांधला गेला. अंदाज टिकला नाही, पण त्या माहितीवर तो गैरही नव्हता.

बर्कलीत काम माहीत होते आणि जनुक सापडायचे होते. जर्मनीत जनुक सापडले होते आणि काम माहीत नव्हते. दोन्ही टोके १९८७ साली जुळली. नोव्हिक तोवर येल विद्यापीठात स्वतःची प्रयोगशाळा चालवत होते. त्यांनी आणि ॲन्टी साल्मिनेन यांनी २३च्या यादीतले सेक४ हे जनुक वाचले, तर ते रासच्या कुळातले निघाले, आणि वायपीटी१शी त्याचे साम्य जवळपास निम्मे. सेक४ बिघडले की माल गॉल्गी संकुलातून निघतो, पुटिका भरतात, पण प्रद्रव्यपटलाला जाऊन मिळत नाहीत. पुढच्या वर्षी ब्रुनो गू यांच्यासह याच गटाने दाखवले की नवे बनलेले सेक४ पुटिकांच्या बाहेरच्या अंगाला चिकटते आणि त्यांच्यासोबत प्रद्रव्यपटलापर्यंत जाते. त्याच १९८८ साली नावा सेगेव, जॉन मलहॉलंड आणि डेव्हिड बॉटस्टीन यांनी वायपीटी१चे कोडे सोडवले: ते आंतर्द्रव्यजालिका आणि गॉल्गी यांच्या टप्प्यावर काम करते. एकाच कुळातली दोन प्रथिने, एक वाटेच्या सुरुवातीला, दुसरे शेवटी.

यातून एक मोहक कल्पना निघाली. प्रत्येक टप्प्याला आपले एक छोटे जीटीपी प्रथिन, म्हणजे पुटिकेवर लिहिलेला पत्ताच. हेन्री बोर्न यांनी १९८८ साली तिला नेमका आकार दिला: जीटीपी फुटते तेव्हा मागे फिरता येत नाही, म्हणून या प्रथिनांमुळे वाहतूक एकाच दिशेने होत असावी. कल्पनेला बळ देणाऱ्या गोष्टीही भराभर सापडत गेल्या. टोकियोत अकिहिको नाकानो आणि मासामी मुरामात्सु यांनी १९८९ साली आंतर्द्रव्यजालिकेतून पुटिका निघताना लागणारे सार१ शोधले. १९९२ साली रिक्तिकेकडे जाणाऱ्या वाटेवरचे वायपीटी७ मिळाले. आर्फ नावाच्या प्रथिनाची ओळख तर कॉलऱ्याच्या विषामुळे झाली. ते विष परीक्षानळीत काम करायला या प्रथिनाची मदत घेते. कॉलऱ्याचा जीवाणू विष सोडतो हे कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी १९५९ साली दाखवले होते, आणि त्या शोधाचा एक फाटा यीस्टच्या गॉल्गीपर्यंत येऊन पोचावा, याचा आपल्याला अभिमान वाटायला हरकत नाही.

सस्तन प्राण्यांत या कुळाला राब म्हणतात. माणसात ती साठाहून अधिक आहेत, यीस्टमध्ये अकरा. उंदराचे वायपीटी१ यीस्टमध्ये घातले तर यीस्ट जगते, हे १९८९ साली गॅलविट्झ यांच्या गटाने दाखवले. म्हणून यीस्टमधले हे काम वैद्यकालाही लागू पडते. या प्रथिनांच्या शेपटीला तेलकट साखळी जोडली जाते, तेव्हाच ती पटलाला चिकटू शकतात. ती जोडताना सोबत लागणारे प्रथिन माणसात सदोष असले तर कोरॉयडरेमिया हा हळूहळू दृष्टी घालवणारा आजार होतो. आणि २००६ साली सुझन लिंडक्विस्ट यांच्या गटाला असे आढळले की पार्किन्सनच्या आजाराशी निगडित अल्फा-सायन्युक्लीन यीस्टमध्ये जास्त झाले की आंतर्द्रव्यजालिका ते गॉल्गी हाच टप्पा अडतो, आणि वायपीटी१ वाढवले की पेशी तग धरतात.

पत्त्याच्या कल्पनेला धक्का बसला तो १९९३ साली, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत शिकण्यासारखा प्रयोग तोच. पॅट्रिक ब्रेनवाल्ड आणि नोव्हिक यांनी सेक४ आणि वायपीटी१ यांचे तुकडे जोडून संकरित प्रथिने बनवली. त्यातले एक असे निघाले की ते एकटे दोघांचेही काम करू शकत होते. आता हे प्रथिन खरोखर पत्ता असते, तर दोन्ही ठिकाणी एकच पत्ता लिहिल्यासारखे झाले असते आणि माल भलतीकडे गेला असता. तसे झाले नाही. पेशी जगल्या, मालही योग्य जागी पोचला. म्हणजे नेमकेपणा या प्रथिनात एकट्यात नव्हता. तो कुठे, कधी आणि कुणाकडून चालू-बंद केला जातो यात होता.

इथून लक्ष बाजूच्या प्रथिनांकडे वळले, आणि जुनी यादी पुन्हा उघडावी लागली. सेक२ हे सेक४ला चालू करणारे निघाले, म्हणजे त्याच्याकडून जीडीपी काढून जीटीपीसाठी जागा करणारे. सेक१९ हे काम झाल्यावर अशा प्रथिनांना पटलावरून सोडवून परत नेणारे. सेक१२ सार१ला चालू करते, सेक२३ त्याला बंद करते, आणि सेक७ हे आर्फला चालू करणारे. २३ जनुकांत छोटे जीटीपी प्रथिन असे फक्त सेक४ होते, पण अशा प्रथिनांची देखभाल करणारी एवढी मंडळी त्याच यादीत १९८० पासून बसलेली होती. शेकमन यांना जेम्स रॉथमन आणि थॉमस स्यूडहॉफ यांच्यासोबत २०१३ साली नोबेल मिळाले, त्यात या यादीचा वाटा मोठा.

चालू झालेले सेक४ नेमके काय करते? १९९६ साली नोव्हिक यांच्या गटाने एक्सोसिस्ट नावाचा प्रथिनसमूह ओळखला. आठ प्रथिनांचा हा समूह; त्यातली सहा पुन्हा त्या यादीतलीच. १९९९ साली कळले की जीटीपी घेतलेले सेक४ यातल्या सेक१५ला धरते. मालीम जेटीला ट्रॉलर लागताना आधी दोर टाकला जातो आणि मग बोट ओढून काठाला घेतात, तसा हा टप्पा आहे: एक्सोसिस्ट पुटिकेला प्रद्रव्यपटलाशी अडकवते, आणि नंतर स्नेअर नावाची प्रथिने दोन पटले एकमेकांत मिसळवतात. यीस्टला कलिका, म्हणजे नव्या पेशीचा कोंब, फुटत असते तेव्हा ८० ते १०० नॅनोमीटरच्या या पुटिका ॲक्टिनच्या तारांवरून, मायो२ या मोटर प्रथिनाच्या जोरावर, थेट कलिकेच्या टोकाकडे जातात. सेक४ला चमकणारे प्रथिन जोडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर सारा उजेड कलिकेच्या टोकाशी गोळा झालेला दिसतो. सुरातल्या पेशीचे इन्व्हर्टेज बाहेर पडते ते याच टोकातून.

एका टप्प्याकडून दुसऱ्या टप्प्याकडे काम कसे सोपवले जाते, हा प्रश्न २००२ साली सुटू लागला. गॉल्गीवर वायपीटी३१ आणि वायपीटी३२ ही जवळपास सारखी दोन प्रथिने असतात. जीटीपी घेतलेले वायपीटी३२ सेक२ला पुटिकेवर बोलावते. सेक२ तिथे सेक४ला चालू करते. आणि सेक२ पुढे सेक१५शीही जोडले जाते. म्हणजे आधीचे प्रथिन स्वतःच पुढच्याला चालू करणाऱ्याची सोय लावून जाते. २००९ साली याची दुसरी बाजू फेलिक्स रिवेरा-मोलिना आणि नोव्हिक यांनी दाखवली: वायपीटी३२ हे जायप१ या प्रथिनालाही आणते, आणि जायप१ मागच्या वायपीटी१चे जीटीपी फोडायला लावून त्याला बंद करते. जायप१ काढून टाकले, तर वायपीटी१ आपला टप्पा सोडून वायपीटी३२च्या जागेपर्यंत पसरते आणि दोघांमधली सीमा पुसट होते.