चेंडूमागची पुसट रेघ आणि खोक्यावरचा आकडा

फुटबॉलचा विश्वचषक जवळ आला की मडगाव-म्हापशाच्या दुकानांत गिऱ्हाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला: चेंडूमागे रेघ ओढली जाणार नाही असा टीव्ही कोणता?

काचेच्या नळीच्या टीव्हीत ही तक्रार नव्हती. इलेक्ट्रॉनचा झोत फिरून गेला की पडद्यावरचा ठिपका क्षणभर उजळायचा आणि पुढचं चित्र येईपर्यंत विझलेला असायचा. त्यामुळे पडदा लखलखायचा. ती लखलख घालवायला १९९०च्या दशकात युरोपात १०० हर्ट्झचे, म्हणजे सेकंदाला १०० वेळा चित्र दाखवणारे, नळीवाले संच विकले जात. तेच चित्र दोनदा दाखवल्यावर लखलख गेली, पण धावणारा खेळाडू दुहेरी दिसू लागला. मग दोन चित्रांच्या मधलं चित्र हिशेबाने तयार करून घालण्याची युक्ती आली.

एलसीडी, म्हणजे मागे दिवा असलेले सपाट टीव्ही, आल्यावर दोष आधी संथ पिक्सेलवर, म्हणजे चित्राच्या ठिपक्यांवर, गेला. सुरुवातीचे पॅनेल, म्हणजे टीव्हीचे पडदे, संथ होतेच. पुढे प्रतिसादवेळ, म्हणजे पिक्सेल बदलायला लागणारा वेळ, आठ, पाच, दोन मिलिसेकंद अशी उतरत गेली, तरी रेघ राहिली. कारण एलसीडीचा पिक्सेल पुढचं चित्र येईपर्यंत पेटलेलाच असतो. आपलं प्रक्षेपण सेकंदाला ५० वेळा बदलतं, म्हणजे प्रत्येक चित्र २० मिलिसेकंद जागीच थांबतं आणि डोळा मात्र चेंडूमागे सरकत राहतो. १९२० पिक्सेलचा पडदा चेंडूने दोन सेकंदांत ओलांडला, तर सुमारे १९ पिक्सेल रुंदीची पुसट पट्टी दिसते.

इथून खोक्यांवरचे हर्ट्झचे आकडे चढू लागले: २००, ४००, ८००. त्यात पॅनेलचा खरा वेग, मध्ये घातलेली चित्रं आणि मागच्या दिव्याची उघडझाप एकत्र मोजली जाई. प्लाझ्माचे, म्हणजे वायूच्या बारीक कप्प्यांनी उजळणाऱ्या टीव्हीचे, ६०० हर्ट्झ तर निराळेच: सेकंदाच्या ५० चित्रांपैकी प्रत्येक १२ तुकड्यांत उजळायचं. असे आकडे शेजारी ठेवून ग्राहकाला तुलना करायला लावणं सरळ अन्याय होता. पॅनेलचा खरा वेग वेगळा छापण्याची सक्ती तेव्हाच व्हायला हवी होती. बनवलेल्या चित्रांची किंमतही कोणी सांगितली नाही. गोलजाळीसमोरून चेंडू वेगाने गेला की हिशेब चुकतो; चेंडू तुटतो, खेळाडूच्या पायांभोवती पाण्यासारखी थरथर दिसते.

खेळासाठी सगळ्यांत चांगलं तंत्र प्लाझ्मा होतं. पण ते वीज जास्त खायचं, तापायचं आणि दुकानाच्या लख्ख दिव्यांत फिकट दिसायचं. २०१३-१४च्या सुमारास मोठ्या उत्पादकांनी ते बंद केलं.

मागच्या दिव्याशिवाय स्वतःच उजळणारा ओएलईडीचा पिक्सेल ०.१ मिलिसेकंदाच्या आत बदलतो, म्हणून तो रेघमुक्त असल्याचं सांगितलं जातं. ते अर्धंच खरं. काळोख्या दृश्यांत काही एलसीडींवर दिसणारा माग त्यावर नसतो. मात्र तोही चित्र धरून ठेवतो, आणि ५० हर्ट्झवर ती १९ पिक्सेलची पट्टी कायम राहते. मध्ये काळं चित्र घालण्याची सोय काही संचांत असते. तिने पट्टी कमी होते, पण उजेड उतरतो आणि जुनी लखलख परतते. दारं-खिडक्या उघड्या असलेल्या वसरीत दुपारी तो कमी उजेड लगेच जाणवतो.

म्हणून एलईडी (म्हणजे मागे एलईडी दिवे असलेला एलसीडीच) की ओएलईडी याच्या आधी, पॅनेल मुळात ६० हर्ट्झचं आहे की १२० हर्ट्झचं, आणि मधली चित्रं घालून हालचाल गुळगुळीत करण्याची सोय पायरीपायरीने कमी करता येते का, हे विचारावं. सामन्याला ती थोडी ठेवावी, सिनेमाला पूर्ण बंद.